घरची ७ सीटर डिझेल गाडी ऑइल खातेय, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात हाफ इंजिन करा. करू का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची, डिझेल, २.२ लिटर टर्बो, मॅन्युअल गिअर, ७ सीटर, बीएस४. रनिंग १ लाख १८ हजार, पहिल्यापासून आमच्याकडेच आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ती कंपनी चांगली की वाईट यावरच चार पानं भरतील. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं, त्यामुळे गाडी कायम भरलेली. सातारा-पुणे नेहमीचं, आणि गावी जायचं म्हणजे पाटणवरून कुंभार्ली उतरून चिपळूणकडे.

गेल्या पावसाळ्यापासून ऑइल कमी व्हायला लागलंय. ऑइल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत भरलं की दोन हजार किलोमीटरच्या आत खालच्या खुणेला टेकतं. पार्किंगमध्ये खाली थेंब नाही. कूलंट जागच्या जागी आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला किंचित निळसर धूर येतो मग बंद होतो, पण घाट उतरून खाली आलो आणि परत ॲक्सिलरेटर दाबला की मागून एक निळा लोट निघतो, मला आरशात दिसत नाही, भाऊ मागच्या गाडीत होता त्याने फोन करून सांगितलं. पिकअप पण थोडा ढिला वाटतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, एकही एरर कोड नाही, तरी ॲडव्हायझर म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन (म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागेल, ९० हजार धरून चला आणि खोलल्यावर अजून काय निघेल ते वेगळं. बाहेरचा मेस्त्री म्हणतो टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेलाय, नवीन घाला. बाबा म्हणतात जाड ऑइल घाल आणि गप्प बस. तीन माणसं तीन मतं आणि बोनेटच्या आत हात कोणीच घातलेला नाही. आधी काय तपासून घेऊ?

बारा_तेराचा_पाना

स्कॅनर लावून रिंगा गेल्याचं कसं काय दिसलं त्यांना? ऑइल कुठल्या वाटेने जातंय हे स्कॅनर सांगत नाही. तुमचा धूर आणि किलोमीटर बघून त्यांनी अंदाज ठोकलाय.

पहिलं काम मोजायचं. आणि 'दोन हजाराच्या आत' असं नाही, नीट मोजायचं. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खालच्या चेंबरमध्ये उतरतं, पट्टी पुसून परत घाला आणि मग वाचा. दर वेळी तीच जागा, तीच पद्धत. सोसायटीच्या उतारावर एकदा आणि पेट्रोल पंपावर एकदा बघितलं तर आकडा काहीही येतो. वरच्या खुणेपर्यंत भरा, ओडोमीटरचा फोटो काढा, हजार किलोमीटर झाले की परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाच्या भांड्याने बघा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये लिटर-दीड लिटरचा फरक असतो, म्हणजे तुमचं प्रकरण हजाराला पाऊण लिटरच्या आसपास दिसतंय. हे जास्तच आहे. पण सर्व्हिस सेंटरवर भांडायला गेलात तर एक माहीत असू द्या, काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत तर एक लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं, ते पान उघडून तोंडावर मारतात. गंमत म्हणजे तुम्हाला तेही न दाखवता थेट ९० हजार सांगितले.

वरच्या खुणेच्या वर भरू नका. कमी होतंय म्हणून लोक अर्धा लिटर जास्तीचं टाकून ठेवतात, मग क्रँक त्या ऑइलला लागतो, फेस होतो, आणि तो फेस ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला गॅस बाहेर सोडायची वाट) इनटेकमध्ये (हवा आत घ्यायच्या वाटेत) जाऊन जळतो. जास्त भरल्यानेही ऑइल जास्त जातं.

थेंब पडत नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. या गाड्यांना खाली मोठं कव्हर असतं, ऑइल त्यावर साचतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे उडतं. ते कव्हर उतरवून बघा. इंजिन धुऊन कोरडं करा, शंका वाटेल तिथे टॅल्कम पावडर मारा, एक चक्कर मारून या आणि कुठे ओलं झालं ते बघा. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), ऑइल फिल्टरचं हाऊसिंग, ऑइल कूलर, व्हॅक्यूम पंप आणि इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा.

धुरावरून अंदाज बांधायचा तर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढं नक्की. ॲक्सिलरेटर दाबून चढ चढताना सतत निळा येत असेल तर मी रिंगांकडे बघेन. सकाळी एकदाच येऊन जात असेल तर व्हॉल्व्ह सील (वरचं ऑइल सिलेंडरमध्ये उतरू न देणारं रबर). घाट उतरल्यावरचा लोट मात्र फसवा आहे. पेट्रोल गाडीत त्याचा अर्थ सरळ व्हॉल्व्ह सील असा लावतात, कारण ॲक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल बंद होतो, इनटेकमध्ये मोठा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो सीलमधून ऑइल ओढतो. डिझेलमध्ये तसला व्हॅक्यूम नसतो. त्यामुळे तुमचा लोट दुसरीकडून येतोय असं मला वाटतं.

घे_आणि_पळ

दिवाळीच्या आधी विकून टाक भाऊ. ऑइल फुल भर, इंजिन धू, एक्सचेंजला दे. पुढचा बघेल.

कृष्णाकाठचा

@घे_आणि_पळ पुढचा पण कोणाच्या तरी आई-बाबांना घेऊनच घाट उतरणार ना. नको.

शिरोलीचा_मेस्त्री

मी शिरोली एमआयडीसीत डिझेलचीच कामं करतो, कोल्हापूर साइडला. पाना साहेबांनी बरोबर सांगितलंय, पुढचं मी सांगतो.

भावा, टर्बोला ऑइल प्रेशरनं जातंय पण परत येतंय ते फक्त उतारानं. टर्बोच्या पोटाखाली एक जाड पाइप असतोय, त्यातनं ऑइल आपलं आपण चेंबरमध्ये पडतंय, तिथं कुठला पंप नाही. आता चेंबरच्या आत गॅसचं प्रेशर वाढलं तर ते ऑइल खाली पडणार कसं? तुंबतंय आणि टर्बोच्या दोन्ही बाजूच्या सीलमधनं बाहेर निघतंय, निम्मं इंटरकूलरकडं (टर्बोची हवा गार करणारा), निम्मं सायलेन्सरकडं. लोकं बघतात टर्बोत ऑइल आहे, टर्बो बदलतात, महिन्याभरात नवीन टर्बो पण तसाच ओला. माझ्याकडं असल्या गाड्या येतात ज्यांचा टर्बो बदलून झालेला असतोय आणि ऑइल तेवढंच जातंय.

प्रेशर वाढायची मुख्य कारणं दोन. एक, रिंगा ढिल्या झाल्यात आणि बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलेंडरमधला गॅस रिंगांच्या बाजूनं खाली येतोय. दोन, ब्रीदर चोंदलाय. कुकरची शिटी चोंदली तर आत काय होईल, तसंच हे. बऱ्याच गाड्यांत ब्रीदरचा सेपरेटर टॅपेट कव्हरच्या आतच असतोय, त्यात रबराचा पातळ पडदा असतोय, तो १ लाखाच्या पुढं कडक होतोय नाहीतर फाटतोय. सर्व्हिसच्या यादीत हा कुठंच नसतोय त्यामुळं कोणी बघत नाही.

घरी करायची टेस्ट सांगतो. इंजिन गरम, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून नुसतं ठेवा तोंडावर. थोडं थरथरलं तर चालतंय. उडून पडलं, नाहीतर भसाभसा धूर आणि ऑइलचे शिंतोडे आले तर प्रेशर आहे. पट्टी आपोआप वर उचलली जात असंल तर आणखीनच पक्कं. मग ब्रीदरचा पाइप इनटेकपासनं काढून बाटलीत सोडा, टेस्टपुरता बरं का, आणि बघा. पाइपमधनं जोरात गॅस येतोय तर रिंगांकडं जावं लागंल. पाइप गप्प आणि झाकणाखाली मात्र प्रेशर, तर वाट मधी कुठंतरी बंद आहे, ब्रीदर खोला.

मग टर्बोचा इनटेक पाइप काढायचा. क्लॅम्प ढिला केला की पाइपच्या तोंडाला आतनं बोट फिरवून बघायचं. बोटाला तेलकट लागलं एवढ्यावर घाबरू नका, ब्रीदरची वाफ तिथंच जाती त्यामुळं थोडा थर असणारच. पाइप वाकवल्यावर ऑइलची धार लागली तर मात्र दोष आहे. शाफ्ट बोटानं हलवून बघा, आडवा किंचित हलला तर चालतंय कारण तो ऑइलच्या थरावर तरंगत असतोय, पण मागं-पुढं हलला किंवा पाती हाऊसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला समजायचं. एअर फिल्टर पण बघा, चोंदलेला फिल्टर असला की टर्बो ऑइलच ओढून घेतोय. परतीचा पाइप काढून आत उजेड मारा. कोणी आधी काम केलं असंल आणि गॅस्केटचा लाल-काळा लेप सढळ हातानं लावला असंल तर तो आत सुटून पाइप निम्मा बंद करतोय, हे मी स्वतः चिमट्यानं ओढून काढलंय.

तुझा घाटाचा लोट यात बसतोय. उतारावर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) नसतोय, सीलच्या पलीकडनं दाबून धरणारी हवा नाही, तुंबलेलं ऑइल निवांत पलीकडं जाऊन बसतंय. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की एकदम जळतंय.

माझा हिशोब डिझेलवर असतोय. जेवढं डिझेल जळलं त्याच्या अर्ध्या टक्क्याच्या पुढं ऑइल गेलं की मी शोधायला लागतो. तुझी गाडी १३ चं ॲव्हरेज देत असंल तर हजाराला ७७ लिटर डिझेल, पाऊण लिटर ऑइल म्हणजे टक्क्याच्या जवळ. दोष आहेच, पण दोष आहे म्हणून लगेच पिस्टन बाहेर काढायचे नाहीत.

जुनं_ते_सोनं

एवढा अभ्यास कशाला? जाड ऑइल, २०डब्ल्यू-५० घाला. आमच्या जुन्या जीपला तेच घालतो, धूर बंद, आवाज बंद. बाबा बरोबर बोलतायत.

बारा_तेराचा_पाना

जीपच्या जुन्या इंजिनात चालत असेल, तिथे वाटा मोठ्या आहेत. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, टर्बो लाखाच्या वर आरपीएमने फिरतो, आणि ऑइल गार असताना पहिल्या काही सेकंदांत तिथे पोचलं नाही तर बेअरिंग कोरडं फिरतं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सोबत १५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल तर बीएस४ गाडीत ते घालून बघायला हरकत नाही, आपल्याकडच्या हवेत चालतं, थोडा फरकही पडतो. त्याच्या पलीकडे जाऊ नये. आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर जाड ऑइल घालून काय होणार, प्रेशर तेवढंच राहणार.

ठाणे_टू_तळकोकण

मधेच घुसतेय, माफ करा. माझी २०२१ ची बीएस६ डिझेल आहे, रोज घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, आणि माझं ऑइल उलट वाढतंय! पट्टीवर वरच्या खुणेच्या बोटभर वर गेलंय. सर्व्हिसवाला म्हणाला मॅडम चांगलंच आहे, कमी तर होत नाही. मग मालवणला जाऊन आले तर अचानक खाली. हे काय भूत आहे?

बारा_तेराचा_पाना

@ठाणे_टू_तळकोकण अजिबात चांगलं नाही ताई, सर्व्हिसवाल्याने टोलवलंय तुम्हाला. एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं तसा डिझेल गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आला. त्यात साठलेली काजळी जाळायची असते तेव्हा इंजिन सिलेंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतं, म्हणजे ते सायलेन्सरच्या बाजूला जाऊन तापमान वाढवतं. त्यातलं थोडं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. हे काम पूर्ण व्हायला गाडी सलग एका वेगाने पळावी लागते, घोडबंदरला ते होणार कुठे? अर्धवट राहतं, परत सुरू होतं, परत डिझेल उतरतं. तुमच्या ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय म्हणून पातळी वाढतेय, ऑइल मात्र पातळ होतंय. लांबच्या प्रवासात ऑइल नीट तापलं की त्यातला काही भाग उडून जातो आणि पातळी झपकन खाली येते, मग वाटतं गाडीने एका ट्रिपमध्ये लिटरभर ऑइल खाल्लं.

पट्टी नाकाशी धरा, डिझेलचा वास येईल. खुणेच्या एवढं वर गेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला, १० हजारची वाट बघू नका. आणि बीएस६ ला मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच ऑइल. वर दादांनी सुचवलेलं २०डब्ल्यू-५० चुकूनही नको, ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते, ती जळत नाही.

ठाणे_टू_तळकोकण

बापरे. वास घेतला, येतोय. उद्याच नेते. धन्यवाद पानासाहेब.

घाटमाथा

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. टर्बोतून जास्त ऑइल इंटरकूलरमध्ये साचलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही, आरपीएम वाढतच जातो, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक करकचून दाबा, टॉप गिअर टाका आणि क्लच सोडून द्या, इंजिन गपकन बंद पडतं. एका सेकंदात डोक्यात यायला हवं म्हणून आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ऑटोमॅटिकला हे जमत नाही, तिथे हवा बंद करावी लागते, पण इनटेकच्या तोंडावर हात धरायचा नाही, आणि तोपर्यंत इंजिन तुकडे उडवायच्या बेतात असतं, लांब जा.

आणि ऑइल खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नकोस. चेंबर भरलेला नसला की घाटातल्या वळणावर ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि पहिला टर्बोच मरतो. त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत कायम ठेव.

कृष्णाकाठचा

अपडेट देतो, थोडं लांब आहे.

आधी मोजलं. हजार किलोमीटरला ७४० मिली. म्हणजे अंदाज बरोबर होता.

झाकण उलटं ठेवून टेस्ट केली, झाकण सरळ उडालं आणि बॅटरीच्या मागे जाऊन पडलं. शोधायला अर्धा तास गेला. ब्रीदरच्या पाइपातून मात्र जवळजवळ काहीच नाही, बाटलीच्या तोंडाशी धरलेला टिश्यू पेपर हललासुद्धा नाही. मग ओळखीतल्या एका गॅरेजवाल्याकडे गाडी दिली, त्याला हा सगळा धागा वाचायला दिला, तो आधी हसला आणि मग कामाला लागला.

खालचं कव्हर काढलं तर आत ऑइलमध्ये भिजलेली माती, खरवडून काढावी लागली. ती गळती व्हॅक्यूम पंपाच्या सीलची निघाली, हेडच्या मागच्या बाजूला आहे, वरून दिसतच नाही. टॅपेट कव्हर उतरवलं, सेपरेटरच्या वाटा काळ्या चिकट थराने बुजलेल्या आणि रबराचा पडदा बोटाने दाबला तर मोडला. आमच्या गाडीत सेपरेटर सुटा मिळत नाही, पूर्ण टॅपेट कव्हरच घ्यावं लागलं. कव्हर, गॅस्केट, पंपाचं सील, नवीन ऑइल-फिल्टर आणि मजुरी धरून १४ हजारांच्या आत बसलं.

टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो, मागे-पुढे अजिबात नाही. परतीचा पाइप मोकळा. तो टर्बो ठेवला.

कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) पण बघून घेतलं, मनात किडा राहायला नको म्हणून. ग्लो प्लगच्या (गार इंजिन सुरू होताना तापणारा प्लग) भोकातून, डिझेलच्या गेजने. ३८५, ३९०, ३८०, ३९० पीएसआय.

शिरोलीचा_मेस्त्री

चारी सिलेंडर सारखे आहेत म्हणजे विषय संपला. आकडा दहा-वीस इकडं तिकडं झाला तर काही नसतंय, गेजवर आणि बॅटरीवर अवलंबून असतंय, चार सिलेंडरमधी फरक किती ते बघायचं. एखादा ३०० ला असता तर मी बोललो असतो. फक्त कॉम्प्रेशनवरनं ऑइल रिंगचं सगळं कळत नाही, कॉम्प्रेशन रिंगा चांगल्या आणि खालची ऑइल रिंग कार्बननं चिकटलेली असं होतंय. पण ब्रीदर झाल्यावर आकडा किती येतोय ते बघ आधी.

ग्लो प्लग निघाले कसे? १ लाखाच्या पुढं ते हेडमधी धरून बसतात, गार इंजिनात जोर लावला की मोडतात आणि मग हेडच उतरवावं लागतंय. दुसऱ्या कोणी हे वाचून करायला जाईल तर इंजिन गरम करून, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून, हळू.

कृष्णाकाठचा

त्याने तसंच केलं, आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवलं होतं. चारही निघाले.

त्यानंतर कुंभार्ली धरून हजार किलोमीटर झाले. १७० मिली लागलं. भावाला परत मागच्या गाडीत बसवलं होतं, लोट नाही म्हणाला. सकाळचा किंचित धूर अजून आहे.

बारा_तेराचा_पाना

७४० वरून १७०, मेस्त्रींच्या हिशोबाने पाव टक्क्याच्या आत. सकाळचा धूर व्हॉल्व्ह सीलचा असेल, त्यासाठी आत्ता हेडला हात लावू नका. पुढे कधी दुसऱ्या कामाला हेड उतरलं तर सील बदलून घ्या. ऑइल मात्र १० हजारऐवजी ७-८ हजारला बदलत जा, भरलेली गाडी आणि घाट आहेत. दर हजाराला मिली लिहून ठेवा, आकडा हळूहळू चढायला लागला तर ऑइल रिंगचा विचार करू. आणि सर्व्हिस सेंटरच्या त्या जॉब कार्डचा फोटो जपून ठेवा, त्यावर 'रिंग खराब' असं लिहिलं असेल तर विकताना कोणी उकरून काढलं की हे कॉम्प्रेशनचे आकडे समोर ठेवता येतील.

जुनं_ते_सोनं

१५डब्ल्यू-४० तरी घातलं का शेवटी?

कृष्णाकाठचा

हो काका, मॅन्युअलमध्ये आहे म्हणून तेच घातलं. बाबा सगळ्यांना सांगत फिरतायत की जाड ऑइलनेच गाडी बरी झाली.

शिरोलीचा_मेस्त्री

🤣🤣 सांगू दे की. ते राहू दे, इंटरकूलर उतरवून धुतला का? आत आधीचं साचलेलं ऑइल असंल तर ते हळूहळू जळत राहणार आणि तुझा १७० चा आकडा पण खरा नसंल, त्याच्याहून कमीच असंल. पिकअप ढिला म्हणत होतास ते पण तिथनंच असू शकतंय.

कृष्णाकाठचा

नाही धुतला. शनिवारी नेतो, किती ऑइल निघतंय ते मापून इथेच टाकतो.